एका काचेवर अनेक फोटो: फ्लॅटबेड स्कॅनर आठ महिने वापरल्यानंतर

‘एकाच वेळी अनेक फोटो स्कॅन करा’ असं खोक्यावर ठळक छापलेलं होतं आणि तेवढं वाचूनच मी हा फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेवर फोटो पालथे ठेवून वापरायचा स्कॅनर, घेतला. घरात दोन खोकी भरून जुने फोटो. एकेक करत बसलो तर जन्म पुरायचा नाही, अशी भीती होती. आज आठ महिन्यांनी साधारण एकोणीसशे फोटो काचेवरून उतरलेत. खोक्यावरचं ते वाक्य खोटं नाही. पण वेळ नेमका कुठे वाचतो हे कळायला मला दोन महिने लागले.

आधी मापांचं बोलतो, कारण पहिला फटका तिथेच बसला. ए४ फ्लॅटबेडची काच साधारण २१६ बाय २९७ मिलिमीटर, म्हणजे ८.५ बाय ११.७ इंच. ४ बाय ६ इंचाचे चार फोटो तिच्यावर आरामात बसतील असं कुणालाही वाटेल. दोन शेजारी शेजारी ठेवले की रुंदीत आठ इंच, ते बसतात. खाली आणखी दोन लावायला जावं तर लांबी भरते बारा इंच, आणि काच त्याआधीच संपते! म्हणून या मापाचे तीनच: वर दोन उभे, खाली एक आडवा. त्याउलट जुने ३.५ बाय ५ इंचाचे प्रिंट चार बसतात आणि मधे बोटभर जागाही सुटते. ती जागा हवीच. दोन फोटोंत निदान एक सेंटिमीटर अंतर नसेल तर सॉफ्टवेअर दोघांना एकच समजून जोडफोटो हातात देतं. काचेच्या अगदी काठालाही फोटो भिडवू नयेत, तिथली दोन-तीन मिलिमीटरची पट्टी माझ्या मशीनला दिसतच नाही.

आता वेळ. स्कॅनरचं हेड, म्हणजे काचेखालून फिरणारा वाचणारा दांडा, काचेच्या लांबीच्या दिशेने सरकतं आणि रुंदीतली अख्खी ओळ एकदमच वाचतं. त्यामुळे शेजारी ठेवलेला दुसरा फोटो खरोखर फुकटात पडतो. खाली ठेवलेल्या फोटोसाठी मात्र हेडला तेवढं अंतर चालावंच लागतं, तिथे वाचते ती फक्त झाकण उघडझाप. हे लक्षात आल्यापासून मी रुंदी आधी भरतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. सुरुवातीला मी प्रीव्ह्यू घेऊन स्कॅनरच्याच प्रोग्रॅममध्ये प्रत्येक फोटोभोवती चौकट आखायचो. माझ्या मशीनमध्ये चार चौकटी म्हणजे हेडच्या चार फेऱ्या. मग एकत्र ठेवून मिळवलं काय? आता मी प्रीव्ह्यू घेतच नाही. पूर्ण काच एकाच दमात ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) टिफमध्ये (फोटोचा दर्जा न घटवणारी फाइल) स्कॅन करतो, माझ्याकडे त्याला दीड मिनिटाच्या आत-बाहेर लागतं. फोटो वेगळे करायचं काम रात्री, निवांत. फोटोशॉपमध्ये ‘क्रॉप अँड स्ट्रेटन फोटोज’ हा पर्याय आहे. फुकटात हवं तर जिम्प या प्रोग्रॅमसाठी याच कामाचं प्लगइन (वरून जोडायचा छोटा भाग) मिळतं. मॅकवाल्यांच्या इमेज कॅप्चरमध्ये वेगवेगळे फोटो ओळखायची सोय आधीपासूनच असते. शिवाय मूळ अख्खी फाइल हातात राहते, त्यामुळे कापाकापी चुकली तरी फोटो पुन्हा काचेवर ठेवावा लागत नाही. पूर्ण काचेची रंगीत ६०० डीपीआय फाइल साधारण १०७ एमबीची होते, जागेची तयारी ठेवा. १२०० ला तीच चौपट, आणि कागदावरच्या प्रिंटमधून त्यात जास्त काही निघत नाही. मी तीन प्रिंटवर पडताळून पाहिलं: कागदाचे तंतू मोठे दिसले, चेहरे होते तसेच. नुसते स्क्रीनवर बघायचे असतील तर ३०० सुद्धा पुष्कळ.

आपोआप कापण्याची गंमत अशी की ती कडा ओळखण्यावर चालते. झाकण आतून पांढरं. फोटोला पांढरी किनार असेल किंवा वरच्या भागात फिकट आभाळ असेल तर फोटो कुठे संपला हे प्रोग्रॅमला समजत नाही. आमच्या समुद्रावरच्या फोटोंपैकी निम्म्यांचं आभाळ असंच उडालं. उपाय साधा: फोटो मांडले की वरून एक काळा कार्डशीट ठेवायचा आणि मग झाकण लावायचं. पातळ कागदाच्या फोटोत मागची शाई पुढे डोकावते, तीही यामुळे दबते. मात्र रात्रीचे, फ्लॅश मारून काढलेले फोटो आले की काळ्याची अडचण होते, कारण त्यांच्या कडाच काळ्या. त्यांच्यासाठी मी भडक निळा कागद ठेवलाय. दिसायला विचित्र, पण काम चोख.

रंग आपोआप सुधारण्याची खूण मात्र पहिल्या दिवशीच काढून टाका. पूर्ण काच एक चित्र म्हणून स्कॅन होते, तेव्हा ही सुधारणाही सगळ्यांना मिळून एकच लागते. मी एकदा एक कृष्णधवल, एक लालसर पडलेला जुना रंगीत आणि दोन अलीकडचे असे एकत्र लावले. लालसर फोटोच्या नादात बाकीचे तिघे हिरवट होऊन आले. तेव्हापासून फोटो आधी मापाने आणि मग जातीने लावून ठेवतो: कृष्णधवल वेगळे, विटलेले वेगळे. खरा वेळ याच वर्गवारीत जातो, स्कॅनिंगमध्ये नाही. आणि हे काम कंटाळवाणंही नाही, कारण प्रत्येक गठ्ठ्यात असा एक फोटो निघतोच की हात थांबतो.

क्रमाचा घोळही सांगून ठेवतो. फोटो पालथे ठेवतो, त्यामुळे काचेवर डावीकडचा तो फाइलमध्ये उजवीकडे येतो. पहिल्या महिन्यात माझी नावं आणि फोटो यांची सरसकट अदलाबदल झाली होती. मागे काही लिहिलेलं असेल तर आणखी एक युक्ती आहे: फोटोंची जागा न बदलता प्रत्येकाला तिथल्या तिथे उलटं करायचं आणि दुसरा स्कॅन घ्यायचा. दोन्ही फाइलींत क्रम तोच राहतो. आईच्या अक्षरातल्या तारखा अशाच सापडल्या. फाइलच्या आत पडलेली तारीख स्कॅनच्या दिवसाची असते, खरी तारीख मी नंतर एक्झिफटूल या फाइलमधली माहिती बदलणाऱ्या प्रोग्रॅमने भरतो.

आता तक्रारी. पाचव्या महिन्यात प्रत्येक स्कॅनमध्ये वरपासून खालपर्यंत एक बारीक रेघ येऊ लागली, एका रांगेतल्या सगळ्या फोटोंतून आरपार. काच चार वेळा पुसली, रेघ हलली नाही. काचेवरचा कण ठिपका पाडतो. हेडच्या वाटेने सलग रेघ आली तर दोष बहुधा कॅलिब्रेशनच्या पांढऱ्या पट्टीत असतो, मशीन प्रत्येक स्कॅनआधी तिच्याकडे बघून स्वतःला जुळवून घेतं. मशीन उघडून ती पट्टी पुसावी लागली तेव्हा सुटका झाली. काच पुसतानाही औषध फडक्यावर घ्यावं, थेट काचेवर मारलं तर कडेने आत झिरपतं. धूळ घालवणाऱ्या इन्फ्रारेड सोयीवर विसंबू नका, ती फिल्मसाठी असते, कागदी प्रिंटला तिचा उपयोग नाही. तिथे ब्लोअर आणि मऊ ब्रशच.

माझा स्कॅनर सीआयएस जातीचा (काचेला लागूनच सेन्सर असलेला) आहे: सडपातळ, हलका, यूएसबीवरच चालणारा. त्याची नजर काचेलगतच स्वच्छ असते. वाकलेल्या फोटोचा कोपरा दोन-तीन मिलिमीटर उचलला की तेवढाच भाग धूसर. एक फोटो असेल तर झाकणाने दाबून भागतं. चार असले की एक जाड प्रिंट झाकण उचलून धरतो आणि बाकीचे तीन सैल पडतात. सीसीडी स्कॅनरला (आरसे आणि भिंगातून बघणाऱ्या जाडजूड जातीला) या बाबतीत पुष्कळ सूट मिळते. आज पुन्हा घ्यायचा झाला तर जागा खाल्ली तरी मी सीसीडीच घेईन.

खोक्याच्या तळाशी अजून साठेक फोटो आहेत: जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले स्टुडिओतले आणि खडबडीत, जाळीदार पोताच्या कागदावरचे. त्या पोतावर प्रकाश चमकून अख्ख्या चेहऱ्यावर ठिपके उमटतात, म्हणून तोच फोटो १८० अंशांत फिरवून दुसऱ्यांदा स्कॅन करायचा आणि दोन्ही एकावर एक ठेवून सरासरी काढायची. तिथे चार सोडाच, एकाचेच दोन स्कॅन. त्यांना मी पुढच्या महिन्यात हात घालणार आहे.