पट लावायचा कसा? बॉलवरची रेघ, गवतावरची खूण की पायाखालचा उतार

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ सांगितलं, की तो त्र्यंबक रोडवरच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानापाशी आणून सोडतो. तिथे रणजीचे सामने होतात, पहाटे चालणाऱ्यांची गर्दी असते. गोल्फ फक्त नावात उरलं आहे. खरं ग्रीन, म्हणजे होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत, गाठायला गावाबाहेर पडावं लागतं, म्हणून नोकरी-धंदा सांभाळून खेळणाऱ्यांना ते बहुधा रविवारी सकाळीच भेटतं. पट, म्हणजे ग्रीनवरून बॉल होलकडे लोळवायचा फटका, नेमक्या दिशेला लावायची कुठली पद्धत धरावी हे ठरवताना माझ्या मते हीच गोष्ट सगळ्यात आधी पाहावी. आठवडाभर घरी घोटता येईल तीच पद्धत रविवारी हाताशी येते.

पटिंगचं वजन किती, ते आधी पाहू. पार ७२ च्या, म्हणजे अठरा होल ७२ फटक्यांत संपवणं अपेक्षित असलेल्या, कोर्सवर ३६ फटके, म्हणजे प्रत्येक होलला दोन, ग्रीनसाठीच धरलेले असतात. होलच्या खड्ड्याचा व्यास १०८ मिलिमीटर. दहा फुटांवरून मारताना पटरचा (पट मारायच्या काठीचा) चेहरा, म्हणजे बॉलला लागणारी सपाट बाजू, एका अंशाने फिरला, तर बॉल होलपाशी पोहोचेपर्यंत पाच सेंटिमीटरच्या वर बाजूला सरकतो, म्हणजे जेमतेम काठावर. व्यावसायिक पुरुष खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. आपल्या अदिती अशोकने टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला, तेव्हा तिचे ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचे लांब फटके, इतरांपेक्षा आखूड पडत होते. तिला वर ठेवलं ते शॉर्ट गेमने (ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यांनी) आणि पटरने.

आता पर्याय. पहिला, बॉलवर रेघ मारून ती लाइनीवर, म्हणजे बॉल ज्या दिशेने सोडायचा तिच्यावर, लावायची. खाली बसा, बॉलच्या जागी नाण्यासारखी खूण ठेवा, बॉल उचला, रेघ जुळवा. खूण न ठेवता बॉल जागच्या जागी फिरवला तरी एका फटक्याचा दंड आहे, हे नव्या खेळाडूंना बऱ्याचदा माहीत नसतं. या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे ती खरं सांगते. फटका नीट बसला तर रेघ सरळ, न डगमगता लोळते. चेहरा तिरका लागला तर रेघ लगेच लटपटते. शिक्षक जवळ नसताना एवढी स्पष्ट ताकीद दुसरं कोणी देत नाही. त्रासही तेवढाच आहे. मागे बसून जुळवलेली रेघ उभं राहिल्यावर तिरकी दिसते आणि मन खायला लागतं. मग पुन्हा बसायचं, पुन्हा जुळवायचं. गुडघे कुरकुरणाऱ्यांना अठरा होल हे जमणार नाही, आणि नियमपुस्तक सुचवतं की फटका चाळीस सेकंदांत मारावा. तीस फुटांच्या पटला रेघ लावण्यात मला काही अर्थ दिसत नाही. तिथे वेग चुकतो, दिशा नव्हे.

दुसरा पर्याय, समोरची खूण. लाइन ठरवायची आणि बॉलच्या पुढे वीतभर ते फूटभर अंतरावर त्या लाइनीत काहीतरी हेरायचं: पिवळं पडलेलं पातं, बुजवलेला पिचमार्क (बॉल आदळून पडलेला खळगा). मग होल विसरून बॉल फक्त त्या खुणेवरून न्यायचा. अमेरिकेचे दिग्गज जॅक निकलॉस पूर्ण फटक्यांना अशीच जवळची खूण धरत. बॉल उचलायला लागत नाही, वेळ वाचतो, पाठ वाचते. अट एकच, खूण ग्रीनवर असलेलीच हवी. लाइन दाखवायला टी (बॉल ठेवायची खुंटी) किंवा काडी ठेवता येत नाही. खूण धरून उभं राहताना नजर एकदा हलली की ती हरवते, हा या पद्धतीतला कच्चा दुवा. म्हणून पाय लावताना नजर तिच्यावरच ठेवायची सवय मुद्दाम करावी लागते.

तिसरा, पायांनी उतार वाचणं. मार्क स्वीनी यांची एमपॉइंट एक्स्प्रेस ही पद्धत यावरच उभी आहे आणि अ‍ॅडम स्कॉटसारखा खेळाडू ती वापरतो. लाइनीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहायचं, कुठल्या पायावर भार जास्त येतो ते जाणवून घ्यायचं आणि उताराला एक टक्का, दोन टक्के असा आकडा द्यायचा. मग बॉलमागे येऊन हात पुढे धरायचा आणि तेवढी बोटं होलच्या बाजूला लावायची. शेवटच्या बोटाची कड हा निशाणा. ग्रीन संथ असेल तर हात लांब, वेगवान असेल तर कोपरात वाकवून डोळ्याजवळ. डोळे फसतात तिथे पाय बहुधा फसत नाहीत, विशेषतः आजूबाजूला डोंगर असतील तेव्हा. पण एक आणि दोन टक्क्यांतला फरक पायांना शिकवायला उतार लागतो, तो मोजायला लेव्हल (गवंड्याकडे असते तशी पाणसळ) लागते आणि महिनोन्‌महिने सराव लागतो. लेव्हल फेरीत चालत नाही, सरावातच वापरायची. आणि होलच्या अगदी जवळ पाय रोवून उभं राहू नका, मागून येणाऱ्यांच्या वाटेत ठसे उठतात.

उतार पाहायला पटर लोंबता धरून एक डोळा मिटायचा प्रकारही काही जण करतात. मी तो सुचवणार नाही. पटर कसा धरला यावर त्याचं उत्तर बदलतं. तुमची पिशवी वाहणाऱ्या कॅडीदादांचं मत मात्र जरूर घ्या, रोज तेच ग्रीन पाहणाऱ्याला पाणी कुठे वाहतं ते ठाऊक असतं. फक्त तुम्ही स्टान्स घ्यायला, म्हणजे फटक्यासाठी पाय लावायला, लागलात की त्यांनी तुमच्या मागे लाइनीत थांबायचं नाही; २०१९ पासून तसा नियम आहे.

घरच्या सरावात पहिल्या दोन पद्धती सरळ पुढे जातात. फरशीच्या दोन लाद्यांमधली सांध तयार सरळ रेषा आहे. बॉल तिच्यावर ठेवा, फूटभर पुढे बॉल जेमतेम जाईल एवढ्या फटीत दोन काड्यापेट्या ठेवा आणि मारा. रेघेचा बॉल असेल तर चेहरा तपासला जातो, काड्यापेट्या खुणेचं काम करतात. वेगाचा अंदाज मात्र फरशीवर येत नाही, ती फारच पळते. निदान सतरंजी अंथरा.

वेग या तिन्ही पद्धतींच्या बाहेर राहतो, आणि तोच ब्रेक, म्हणजे उतारावर बॉल किती वळतो ते, ठरवतो. पावसाळ्यात ओलं, वाढलेलं गवत बॉलला धरून ठेवतं. जोर लावावा लागतो आणि ब्रेक कमी होतो. थंडीत पहाटे दव असेल तर पुढच्या गटाच्या बॉलची वाट ग्रीनवर उमटलेली दिसते. ती वाचायला कुठलीच पद्धत लागत नाही, नुसतं पाहा. बर्म्युडा गवत असेल तर पात्यांचा कलही पाहावा, कलाच्या दिशेने मारलेला बॉल जास्त पळतो. फेरीआधी दहा मिनिटं असतील तर ती सगळी लांब पटच्या वेगावर घालवा.

मी नव्या खेळाडूला समोरची खूण सांगेन. ती घरी घोटता येते, कुठल्याही अंतराला चालते आणि खेळ रखडवत नाही. सहा-सात फुटांच्या आतले पट वारंवार हुकत असतील, तर तेवढ्यांपुरती रेघ घ्या आणि लांब पटला ती सोडा. एमपॉइंट पूर्ण शिकायचा निर्णय आठवड्यातून तीनदा ग्रीनवर जाऊ शकणाऱ्यानेच घ्यावा. बाकीच्यांनी त्यातली पहिली पायरी उचलावी: होलकडे जाताना मध्यावर क्षणभर थांबून कुठला पाय जड वाटतो ते पाहायचं, बोटं लावायची नाहीत.

निवड काहीही असो, क्रम पक्का ठेवा: मागून लाइन, बाजूने अंतर, होलकडे पाहत दोन सराव-फटके, खूण, पाय, होलवर एक नजर, फटका. अठरा फुटांचा असो की तीन फुटांचा, दर पटला तेवढाच वेळ. निदान दोन महिने त्यात काही बदलू नका, आणि हुकलेला प्रत्येक पट कार्डाच्या कडेला लिहा: डावीकडे, उजवीकडे, आखूड, लांब. आखूड आणि लांबच जास्त भरले, तर लाइनीची पद्धत तशीच राहू द्या आणि वेगाच्या सरावासाठी सतरंजी अंथरा.