रस्ता अडवावा की तहसीलसमोर बसावं?

कोळशाची धूळ आणि अवकाळीनं गेलेलं सोयाबीन, या दोन्हींसाठी आंदोलन करायचं म्हणून वणीकडच्या पोरांनी विचारलं, "दादा, रास्ता रोको करू की ठिय्या?"

लोकांचा राग आधी पाहा. 2021 मध्ये हवामान बदलाविरुद्ध आंदोलन करणाऱ्या इन्सुलेट ब्रिटन या गटाच्या कार्यकर्त्यांनी लंडनभोवतीचा एम-25 महामार्ग अडवला, तेव्हा अडकलेल्या चालकांनी त्यांना हातानं ओढून बाजूला केलं. आपल्याकडे मी स्वतः पाहिलंय: कापसानं भरलेली मेटाडोर उभी, शेजारच्या ऑटोत तापानं फणफणलेलं पोरगं, अन् त्याची माय ओरडतेय, "आमाले काहून अडवता बाप्पा? कलेक्टरले अडवा ना!" तिचं बरोबरच होतं. त्या दिवशी धुळीबद्दल कोणी बोललंच नाही, सगळे जाम किती लांब लागला तेच सांगत होते.

ठिय्याला हा राग येत नाही, पण बातमीही लवकर येत नाही. मंडप, पाणी, रोजची मजुरी बुडणं. तिसऱ्या दिवशी निम्मी सतरंजी रिकामी.

रस्ता अडवला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 285 लागतं, दंड 5,000 रुपयांपर्यंत. दंडापेक्षा कोर्टाच्या तारखा जड जातात.

प्रशासन निवेदनाला उत्तरच देत नसेल, तर अर्धा तास रास्ता रोको, अँब्युलन्सला वाट ठेवून आणि बाजाराचा दिवस टाळून. पंचनामा किंवा धूळ मोजणीसारखी ठरावीक मागणी असेल आणि गाव सोबत हवं असेल, तर ठिय्याच.