जुळे सोलापूरचा तयार फ्लॅट की पेठेतलं जुनं घर?

भावाचं घर घ्यायचं चाललंय म्हणून सगळं नीट बघून लिहितोय. तयार फ्लॅटचं सोपं आहे, किल्ली घेतली की सामान हलवायचं, आणि कम्प्लिशन सर्टिफिकेट (इमारत पूर्ण झाल्याचा दाखला) मिळालेलं असेल तर जीएसटी लागत नाही. फक्त पाण्याचं नीट विचारा, आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही त्यामुळं खालची टाकी केवढी आणि बोअर आहे का हे टाइल्सच्या आधी बघायचं.

पेठेतलं माळवदाचं (लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेलं) घर मला मनापासून आवडतं, जाड दगडी भिंती, मेमध्ये पारा चाळीसच्या वर गेला तरी आतल्या खोलीत गार वाटतं, फ्लॅटच्या वरच्या मजल्यावर हे सुख नाही. पण तुळईचं टोक भिंतीत जिथं शिरतं तिथं स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, भुसा पडला तर लाकडाला कीड लागलीय समजा, मग रंगरंगोटीनं भागत नाही, छतच उतरवायला लागतं. शिवाय वायरिंग, ड्रेनेज सगळं नवीन. आणि प्रॉपर्टी कार्डावर (जागेच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर) किती वारस आहेत ते आधी बघा, एकाची सही राहिली तरी व्यवहार अडकतो.

पैशाचंही बघा, जुन्या इन्कम टॅक्स पद्धतीत (ओल्ड रेजीम) स्वतः राहायच्या घराच्या खरेदीच्या कर्जावर व्याजाची सूट २ लाखांपर्यंत, नुसत्या दुरुस्तीच्या कर्जावर ३० हजारच. भाड्यानं राहून हप्ता भरणाऱ्यानं फ्लॅटच घ्यावा, दुरुस्ती लांबली की दोन्हीकडून पैसे जातात. राहायला दुसरी सोय असेल आणि तुळया ठणठणीत असतील तर मी पेठेतलंच घेईन.