तळ्याकाठची दलदलीची रोपं: नर्सरीतून काय उचलावं, काय तिथंच ठेवावं

ऑनलाइन यादीत किंवा बियांच्या पाकिटावर ‘हार्डी’ असं छापलेलं असलं, तर ते रोप बर्फ सोसतं एवढाच त्याचा अर्थ. सोलापूरच्या किंवा नागपूरच्या मे महिन्याशी त्याचं देणंघेणं नसतं. आपल्याकडे काटक रोप ते, जे बेचाळीस अंशांत तळ्याचं पाणी रोज जवळपास सेंटिमीटरभर उडत असताना तग धरतं आणि पुढे चार महिने गळ्यापर्यंत पाण्यातही सडत नाही. महाराष्ट्रातल्या नर्सऱ्यांत ‘वॉटर प्लांट’ म्हणून जे मिळतं, ते इथं या कसोटीवर लावून पाहिलं आहे. कमळ आणि कुमुदिनी यात नाहीत. त्यांना खोल पाणी लागतं. इथं विषय काठावरच्या चिखलाचा.

पहिला मान वेखंडाचा. पाचपैकी पाच. तलवारीसारखी दोन-अडीच फुटी पानं, जमिनीलगत पसरणारा गड्डा, मातीवर पाच-दहा सेंटिमीटर पाणी असलं तरी खुशाल. फुलाची आशा धरू नका. घेताना फसगत होते ती आयरिस या फुलझाडामुळे. दोन्हींची पानं लांबून सारखीच दिसतात. पान बोटांत चुरडा. बाळंतिणीच्या खोलीतला तो ओळखीचा वास आला तरच वेखंड. पानाच्या एका कडेला आडव्या बारीक चुण्याही असतात. उन्हाळ्यात शेंडे करपतात, ते कापून टाकले की झालं.

कर्दळ सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कमी लेखलेली. साडेचार. एका दांड्याला एकदाच बहर येतो. फुलं संपली की तो दांडा बुडातून कापायचा, नाहीतर नवे फुटवे मागे राहतात. पानं गुंडाळून आत राहणारी अळी पावसाळ्यात हमखास येते. ती हातानं काढा, फवारणी नको. कारण पुढे येतंच.

अंब्रेला पाम नावाचा पाम, जातीचा लव्हाळा. चिवटपणाला पाच, शिस्तीला दोन. दुसरं रोप विकत घेण्याची गरजच नाही. दांड्याच्या टोकाची पानांची छत्री दोन-तीन सेंटिमीटर दांड्यासकट कापा, पानं निम्मी छाटा आणि उलटी करून पाण्यात ठेवा; दोन-तीन आठवड्यांत मुळं सुटतात. याच गुणामुळे वाकलेली प्रत्येक छत्री तळ्यात नवं बेट तयार करते. दर दोन वर्षांनी पावसाच्या तोंडावर गड्डा काढून करवतीनं चार तुकडे करायचे, कडेचा ताजा तुकडा परत लावायचा, मधला जून भाग टाकायचा.

निळी फुलं हवी असतील तर पिकरेल. जलपर्णीच्याच कुळातलं, पण मुळं मातीत धरून राहणारं. दहा-पंधरा सेंटिमीटर पाण्यात ठेवा, ऊन भरपूर द्या. सावलीत नुसती पानं. चार.

ब्राह्मी मागितलीत तर निम्म्या ठिकाणी मंडूकपर्णी हातात पडते, कारण बोलीत दोन्हींना ब्राह्मीच म्हणतात. गोल, कातरलेल्या कडांचं, लांब देठाचं पान ती मंडूकपर्णी. बारीक, जाडसर, समोरासमोर पानं आणि पांढरट फुलं असलेली ती जलब्राह्मी. लायनरची, म्हणजे तळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकची, उघडी कड झाकायला दुसरीच घ्या. ती पाण्यात उतरते. पहिलीला ओल आवडते, बुडणं नाही.

अळूबद्दल काय सांगायचं. मोरीच्या पाण्यावर वाढणारं रोप तळ्यावर न वाढलं तरच नवल. फक्त मासे असलेल्या आणि बाहेरचं पाणी मिसळणाऱ्या तळ्यातलं अळू फतफत्यासाठी खुडू नये.

पाणकणीस मात्र नर्सरीतच राहू द्या. कणसं सुंदर, पण जमिनीखालचे कोंब इतके टोकदार की लायनर भोकसतात. सिमेंटच्या तळ्यातसुद्धा दोन वर्षांत निम्मी जागा खातात. जलपर्णीबद्दल पवना, पंचगंगा पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. थंड देशांतला मार्श मेरीगोल्ड परदेशी याद्यांत पहिल्या नंबरावर असतो. इथल्या उन्हाळ्यात तो बसतो, पैसे जातात.

रोपांपेक्षा खरी तक्रार कुंडीतल्या मिश्रणाची. नर्सरीवाले सगळं एकाच कोकोपीट-शेणखतात लावतात. ते तसंच तळ्यात गेलं की कोकोपीट तरंगतं, शेणखत पाणी हिरवं करतं आणि कुजताना प्राणवायू खातं. सकाळी मासे तोंड वर काढून दिसतात. घरी आणल्यावर मुळं बादलीत पूर्ण धुवा. मग फिक्क्या गुलाबी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून पुन्हा धुवा, म्हणजे गोगलगायींची अंडी आणि डकवीड या तरंगत्या तणाची हिरवी टिकली सोबत येण्याची शक्यता कमी होते. लावायला जाळीची टोपली, आत गोणपाट, त्यात तीन भाग बागेतली साधी भारी माती आणि एक भाग धुतलेली जाड वाळू. शेणखत अजिबात नाही. वर दोन-तीन सेंटिमीटर धुतलेली बारीक खडी, म्हणजे मासे माती उकरत नाहीत. खत द्यायचंच तर चमचाभर डीएपीची कागदी पुडी करून मातीत आठ-दहा सेंटिमीटर खोल दाबा. वरून टाकलेलं खत शेवाळालाच पोसतं.

सगळ्यांत जास्त रोपं मरतात ती पहिल्या आठवड्यात. कोरड्या कुंडीत वाढलेल्या रोपाची मुळं चिखलाला सरावलेली नसतात. थेट पाण्याखाली ठेवली की काळी पडून वास मारतात. आधी विटांवर उचलून मातीची पातळी पाण्याबरोबर ठेवा. नवं पान फुटलं की दर आठ-दहा दिवसांनी एकेक वीट काढा. कुरिअरनं आलेला गड्डा दाबून पाहा: मऊ लागला तर मऊ भाग चाकूनं काढून एक दिवस सावलीत सुकवा, मगच लावा. तळं नवं सिमेंटचं असेल तर आधी दोन-तीन वेळा भरून, आठवडाभर ठेवून, उपसून टाका. ताज्या सिमेंटचा चुना मुळं जाळतो.

लावणीला जूनअखेर ते जुलै उत्तम. त्याआधी लावायचं तर फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये नुसतं रोप जगवण्यात वेळ जातो.

मावा पडला तर पाण्याचा जोरदार फवारा मारा, मासे खाली पडलेला मावा खातात. सायपरमेथ्रीनसारखी औषधं माशांना मारतात आणि निंबोळी तेलही जास्त झालं तर त्यांना बाधतं. डासांसाठी गप्पी मासे सोडा. बऱ्याच ठिकाणी पालिकेच्या मलेरिया विभागात मागून बघता येतात. पण टोपलीतल्या मातीवर खळगे राहिले, तर त्या पाण्यात गप्पी पोहोचत नाहीत आणि अळ्या तिथंच वाढतात. खडी सपाट करून टोपली एक तर पूर्ण पाण्याखाली हवी, नाहीतर माती पाण्याच्या थोडी वर.