छोटा गोल निवडुंग घ्यायचाय? तुमच्या खिडकीला कोणता मानवेल ते आधी पाहा

लिंबाएवढे पाच गोल निवडुंग ओळीत ठेवले, तर नवख्याला त्यांच्यात काट्यांचा रंग तेवढा वेगळा दिसतो. प्रत्यक्षात त्यांतला एक गवताच्या सावलीत वाढणाऱ्या कुळातला असतो, दुसरा उन्हात तापणाऱ्या खडकांवरचा, आणि तिसऱ्याला स्वतःचं अन्नच तयार करता येत नाही. घरी आणल्यावर तिघांना एकच खिडकी आणि एकाच मापाचं पाणी मिळतं. वर्षभराने एक फुलतो, एक वर निमुळता होत जातो आणि एक बुडाशी मऊ पडतो. मग लोक म्हणतात, आमच्या हाताला निवडुंग लागत नाही.

मी अनेक वर्षं हे सगळे प्रकार खिडकीत सांभाळते आहे. पहिल्यांदाच घेणाऱ्याने साधा हिरवा जिम्नोकॅलिशियम, म्हणजे जाड कडांचा बसका गोल निवडुंग, घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र तुमच्याकडे ऊन भरपूर असेल किंवा हात पाण्याच्या बाबतीत सैल असेल, तर उत्तर बदलतं.

आधी ऊन मोजा

एखाद्या निरभ्र दिवशी खिडकीच्या कट्ट्यावर हात धरा. सावलीची कड स्वच्छ, रेखीव पडत असेल तर ते थेट ऊन. ते किती तास टिकतं हे घड्याळ लावून पाहा. चार-पाच तास किंवा जास्त मिळालं, तर जवळजवळ कोणताही गोल निवडुंग चालेल. दोन-तीन तास मिळत असेल, तर निवड मोजकीच. थेट ऊन अजिबात नसेल, तर निवडुंगाचा विचार सोडा किंवा वाढीचा दिवा लावायची तयारी ठेवा.

काचेपासून मीटरभर आत गेलं तरी प्रकाश खूप घटतो. आपल्या डोळ्याची बाहुली मोठी होऊन ती घट भरून काढते, म्हणून टेबलावरची जागा आपल्याला उजेडाचीच वाटते. तिथे ठेवलेला निवडुंग मात्र वरून फिकट आणि टोकदार होऊ लागतो. असा ताणलेला भाग पुन्हा कधीच गोल होत नाही. उन्हात हलवल्यावर पुढची वाढ रुंद येते, पण मधला गळा कायमचा राहतो.

मॅमिलेरिया की जिम्नोकॅलिशियम

खरी निवड बहुतेकांसाठी या दोघांतच असते.

मॅमिलेरिया मुख्यतः मेक्सिकोतला. त्याच्या अंगावर कड, म्हणजे उभे कंगोरे, नसतात, सर्पिल ओळींत मांडलेले छोटे उंचवटे असतात आणि प्रत्येकाच्या टोकावर काट्यांचा झुबका. फुलं दोन उंचवट्यांमधल्या खाचेतून, आदल्या वर्षीच्या वाढीवर येतात, त्यामुळे डोक्याभोवती गुलाबी किंवा पिवळसर फुलांचं कडं तयार होतं. परागीकरण झालं तर पुढे बारक्या लाल मिरच्यांसारखी फळं डोकावतात. गोल निवडुंगांत इतकं देखणं दृश्य दुसरं नाही, हे मी जिम्नोकॅलिशियमची बाजू घेत असूनही मान्य करते.

पण त्या कड्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, भरपूर ऊन. दोन, थंडीत कोरडी विश्रांती: साधारण ८ ते १२ अंश सेल्सिअस तापमान आणि जवळजवळ पाणी बंद. वर्षभर उबदार राहणाऱ्या खोलीत मॅमिलेरिया जगतो, पण फुलांच्या बाबतीत हात आखडता घेतो. ऊन कमी पडलं तर ताणला जाणाऱ्यांतही तो पुढे. काही जातींचे काटे गळासारखे वाकडे असतात, ते पडद्यात आणि बाहीत अडकतात. लहान मुलं किंवा मांजर असलेल्या घरी घेण्यापूर्वी काटा जवळून पाहा.

जिम्नोकॅलिशियम दक्षिण अमेरिकेतला: अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे, बोलिव्हिया आणि ब्राझीलचा दक्षिण भाग. त्याच्या पुष्कळ जाती तिथे गवताच्या, झुडपांच्या आडोशाने वाढतात, आणि घरात तोच गुण कामी येतो. दोन-तीन तासांच्या सकाळच्या उन्हातही तो बसका, गोल राहतो. उलट दुपारच्या कडक उन्हात त्याचं अंग तांबूस पडतं, हे थोडं ऊन कमी कर असं सांगणं असतं. नावाचा अर्थ ‘उघडी कळी’ असा आहे. कळीवर ना लव ना काटे, फक्त गुळगुळीत खवले. जिम्नोकॅलिशियम बाल्डियानम ही गडद लाल-गुलाबी फुलांची जात तर अगदी लहान वयात फुलते, आणि विश्रांतीच्या थंडीसाठी मॅमिलेरियाइतकी अडून बसत नाही.

त्याची उणी बाजू अशी की फुलं नसताना तो साधा दिसतो, हिरवट-करडा, जाड कडांचा. मॅमिलेरियाची पांढरी लोकर किंवा काट्यांची जाळी बारा महिने डोळ्यांना काही ना काही देत राहते. तेव्हा चार-पाच तासांची खिडकी असेल तर मॅमिलेरिया बेलाशक घ्या. नसेल तर त्याच्या रूपावर भुलू नका.

पारोडिया, रेबुशिया, सोनेरी बॅरल

पारोडिया मॅग्निफिका हा निळसर हिरवा, कडांवर सोनेरी केसांची किनार असलेला निवडुंग ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यातला. तिथे पाऊस वर्षभर विखरून पडतो. त्यामुळे ‘थंडीत निवडुंगाला थेंबही देऊ नका’ हा सरसकट सल्ला याला लावला, तर बारीक मुळं सुकून मरतात आणि पुढच्या हंगामात पाणी दिल्यावर झाड ते पिऊच शकत नाही. थंडीतही महिन्यातून एकदा थोडं पाणी द्यावं. ज्यांच्याने झाडाला पूर्ण विसरून जाणं होत नाही, त्यांच्यासाठी हा चांगला. ऊन मात्र बऱ्यापैकी हवं.

रेबुशिया बोलिव्हिया-अर्जेंटिनाच्या डोंगरांतला, आकाराने फारच लहान, आणि बुडाशी फुलांचा गराडा घालून घेणारा. थंडी त्याला मानवते. बंद, कोंदट, सतत उबदार खोली मानवत नाही.

सोनेरी बॅरल, म्हणजे सोनेरी काट्यांचा पिंपासारखा निवडुंग, सगळ्यांनी चित्रांत पाहिलेला असतो, म्हणून मागणीही त्याला. बाळपणी याच्या अंगावर कड नसतात, उंचवटे असतात, त्यामुळे पुष्कळजण त्याला मॅमिलेरिया समजूनच आणतात आणि फुलांची वाट पाहत बसतात. ती घरात येणार नाहीत. फूल यायला झाड हातभर रुंद व्हावं लागतं आणि त्याला दशकं जातात. तुम्हाला रूपच हवं असेल आणि खिडकी कडक उन्हाची असेल, तर याच्यासारखा संथ, भक्कम सोबती नाही. मेक्सिकोत धरणाच्या पाण्याखाली त्याच्या मूळ अधिवासाचा मोठा भाग गेला आणि रानात तो धोक्यात आहे, ही गोष्ट मला फार लागते. विकत घ्याल तो बियांपासून वाढवलेलाच घ्या.

रंगीत गोळा: घेण्याआधी हे माहीत असू द्या

हिरव्या तिकोनी दांड्यावर बसवलेला लाल, केशरी किंवा पिवळा गोळा, म्हणजे मून कॅक्टस. पुष्कळ लोक सुरुवात याच्यापासून करतात, आणि मला वाटतं सुरुवातीला सगळ्यात अवघड हाच.

वरचा गोळा जिम्नोकॅलिशियमच आहे, पण हरितद्रव्य नसलेला. जपानमध्ये १९४१ साली एइजी वातानाबे यांना हजारो रोपांत अशी लाल रोपं सापडली. ती कलम करून वाचवली गेली आणि पुढे ‘हिबोतान’ या नावाने जगभर पसरली. लाल रंग बीटात असतो त्याच गटातल्या रंगद्रव्यांचा. गोळ्याला अन्न मिळतं ते खालच्या खुंटाकडून, म्हणजे त्या हिरव्या दांड्याकडून. खुंट बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या नात्यातला वेल असतो.

घरात अडचण इथेच येते. वरच्या गोळ्याला सौम्य ऊन हवं, खालच्या खुंटाला भरपूर प्रकाश हवा. खुंट उष्ण प्रदेशातला, त्याला थंडी सोसत नाही, म्हणून इतर निवडुंगांसारखी थंड विश्रांती देता येत नाही. दोघांची वाढही सारखी नसते, त्यामुळे काही वर्षांत कलमाचा सांधा सुटतो किंवा खुंट कुजतो. तुमच्याकडून काही चुकलं नसलं तरी बहुतेक वेळा हे होतंच. गोळा पुन्हा नव्या खुंटावर कलम करता येतो, पण मातीत लावला तर मुळं धरून जगत नाही. चार-पाच वर्षांची रंगीत सोबत एवढीच अपेक्षा ठेवून घेतलात, तर तो आनंद देईल. कायमचा सोबती म्हणून घेऊ नका.

माती आणि कुंडी

रोपवाटिकेतून येणारा निवडुंग बहुधा नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, असतो. ते पूर्ण सुकलं की आक्रसतं, पाणी कडेने वाहून जातं आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. उलट एकदा भिजलं की दिवसेंदिवस ओलं. म्हणून वाढीच्या हंगामात ते झाडून टाका आणि निम्म्याहून जास्त जाड वाळू, प्युमिस किंवा पर्लाईट (हे दोन्ही हलके, सच्छिद्र दगडी दाणे), उरलेली माती-खत, अशा मिश्रणात लावा. बारीक वाळू नको, ती घट्ट बसते.

कुंडी गोळ्यापेक्षा दोन बोटं रुंद, तळाला भोक असलेली. मातीची की प्लास्टिकची, हे तुमच्या हातावर ठरवा. पाणी घालायची घाई असणाऱ्यांना मातीची, कारण ती चारही बाजूंनी सुकते. विसराळू माणसाला प्लास्टिकची. काचेच्या बंद बरणीत मांडलेले निवडुंग दिसायला गोड असतात, पण तळाला साचलेलं पाणी जायला वाटच नसते.

पाण्यात चूक कुठल्या बाजूने करावी

गोल आकारात घनफळाच्या मानाने पृष्ठभाग सगळ्यात कमी असतो, आणि निवडुंगाची रंध्रं रात्री उघडतात, म्हणून पाणी फार थोडं उडतं. तेव्हा महिनाभर विसरलात तर गोळा थोडा आत ओढला जाईल आणि पाणी मिळताच भरून येईल. आठवडाभर चिखलात राहिला तर मुळं कुजतील, आणि तुम्हाला ते फार उशिरा कळेल. वाढीच्या काळात कुंडी भोकातून वाहीपर्यंत भिजवा आणि मग तळापर्यंत सुकू द्या. दहा-पंधरा दिवस हा अंदाज. खरी खूण कुंडीचं वजन. थंडीत महिन्यातून एकदा घोटभर, किंवा खोली खरोखर गार असेल तर पारोडिया आणि मून कॅक्टस सोडून बाकीच्यांना बंद.

बुडाशी तपकिरी रंग दिसला की लोक घाबरतात. मीही एकदा घाबरून एका जुन्या जिम्नोकॅलिशियमला सुरी लावली, आणि आत पांढरा, टणक, निरोगी गर निघाला. वयानुसार बुडाची साल खोडासारखी होते, तो आजार नव्हे. बोटाने दाबून पाहा: टणक असेल तर वय, मऊ असेल तर कूज.

उचलताना काय पाहायचं

फूल ओढून पाहा. डोक्याच्या मधोमध कागदासारखं कोरडं, भडक फूल असेल तर ते बहुधा गरम डिंकाने चिकटवलेलं असतं. हळूच काढता आलं तर काढा, नाहीतर वाढीचा बिंदू दबतो. काट्यांच्या मुळाशी कापसासारखे ठिपके म्हणजे पिठ्या ढेकूण, ते झाड घेऊ नका. माथा रुंद आणि गडद असावा. कुंडीत गोळा हलका हलवा. डगमगला तर मुळं नाहीत.

आणल्यावर लगेच कडक उन्हात ठेवू नका. रोपवाटिकेच्या जाळीखालून आलेल्या झाडाला थेट ऊन लागलं तर पांढुरका डाग पडतो आणि तो कायम राहतो. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू पुढे सरकवा. माती बदलली असेल तर तुटलेल्या मुळांच्या जखमा भरेपर्यंत, म्हणजे आठवडाभर, पाणी देऊ नका.