कॅन्यनमध्ये कोळी गोळा करायचेत: पिटफॉल, काठी-चादर, चाळण की रात्रीचा हेडलॅम्प?

ऑक्टोबरात साउथईस्ट ॲरिझोनात, समजा वाचुका डोंगरातल्या रॅमसी कॅन्यनसारख्या एखाद्या प्रिझर्व्हमध्ये, क्लासबरोबर शनिवार-रविवार जायचंय आणि कोळी गोळा करायचेत, तर गाडीत नेमकं काय काय टाकायचं हा प्रश्न येतोच. सगळंच नेलं तर काहीच धड होत नाही, दोन दिवसांत तर नाहीच.

आधी परमिट. रॅमसी कॅन्यन नेचर कॉन्झर्व्हन्सी या निसर्गसंवर्धन करणाऱ्या संस्थेचं आहे, तिथं लेखी परवानगीशिवाय एक कोळीसुद्धा उचलायचा नाही, आपल्याकडे अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते तसंच. आणि कुठली पद्धत वापरायची हे बरेचदा परमिटच ठरवतं, कारण जमिनीत खड्डे चालतील का, अंधार पडल्यावर आत थांबता येईल का, किती नमुने न्यायचे, हे सगळं त्यात येतं. तेव्हा अर्जातच स्पष्ट विचारून घ्या.

दुसरी गोष्ट सीझनची. तिथला मान्सून 30 सप्टेंबरला कागदोपत्री संपतो, गवत अजून उभं असतं, किडे भरपूर, त्यामुळे मोठी गोल जाळी विणणारे निओस्कोना, आर्जिओपी हे कोळी पूर्ण वाढलेले मिळतात. पण झाडाझुडपांवरचे उड्या मारणारे कोळी आणि क्रॅब स्पायडर यातली बरीच पिल्लंच असतात. आणि पिल्लांवरून स्पीशीज बहुतेक वेळा सांगता येत नाही, नराचे पाल्प (तोंडाजवळचे छोटे पायासारखे अवयव) नाहीतर मादीचं एपिगाइन (पोटाखालचं जननांग) मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं. म्हणून मी पद्धती तोलते त्या किती कोळी मिळाले यावर नाही, किती अ‍ॅडल्ट मिळाले यावर.

पिटफॉल म्हणजे जमिनीच्या लेव्हलला पुरलेला प्लास्टिकचा कप, त्यात पडलेले नमुने टिकावेत म्हणून थोडं प्रॉपिलीन ग्लायकॉल (एथिलीनवालं नको, ते गोड लागतं आणि जनावरांना विषारी असतं). शरद ऋतूत नर माद्या शोधत फिरतात त्यामुळे नर चांगले पडतात, हा याचा मोठा फायदा. पण कप निदान एक-दोन आठवडे राहायला हवेत, परत आणायला कुणीतरी जायला हवं, स्कंक आणि हावेलिना (रानडुकरासारखं जनावर) ते उकरून काढतात, कधी सरडा पडतो, आणि ओढ्याच्या काठाला लावले तर एका पावसात सगळं वाहून जातं. शिवाय कपात काय पडलं यावरून कोण जास्त फिरतं ते कळतं, कोण जास्त आहे ते नाही. वीकेंड ट्रिपला मी तरी पिटफॉल घरी ठेवीन, सेमिस्टरभराचा प्रोजेक्ट असेल तर गोष्ट वेगळी.

काठी-चादर सगळ्यात सोपी आणि नव्या लोकांना मजा येते. ओक किंवा जुनिपरच्या फांदीखाली पांढरी चादर धरायची, वर काठीनं दोन-चार टोले द्यायचे, पडेल ते पूटरनं, म्हणजे तोंडानं हवा ओढायच्या नळीच्या बाटलीनं, ओढायचं. एका तासात कुप्या भरतात पण भरतात पिल्लांनी, हे वर सांगितलंच. गवतात स्वीप नेट फिरवली तर लिंक्स स्पायडर मिळतात, हिरवी मोठी लिंक्स म्हणजे प्युसेशिया विरिडान्सची मादी या दिवसांत अंड्यांच्या पिशवीला बिलगून राखण करत बसलेली असते, तिचा फोटो काढा आणि पुढे चला, तिला उचलून काही साधत नाही.

चाळण मला सगळ्यात अंडररेटेड वाटते. ओढ्याकाठच्या सायकमोरखालचा ओलसर पालापाचोळा मूठभर मूठभर जाड जाळीच्या चाळणीत घालून पांढऱ्या कापडावर हलवायचा आणि मग नुसतं थांबायचं, कारण ते इवलेसे कोळी आधी पाय दुमडून मेल्यासारखे पडून राहतात आणि मिनिटभरानं चालू लागतात. दोन-तीन मिलिमीटरचे शीट-वेब कोळी थंडीच्या तोंडावरही अ‍ॅडल्ट मिळतात, जे काठी मारून कधीच मिळणार नाहीत. उरलेला पाचोळा कापडी पिशवीत भरून लॅबमधल्या बर्लीज फनेलमध्ये दिव्याखाली दोन-तीन दिवस ठेवला की वाळत जाईल तसे बाकीचे खाली अल्कोहोलमध्ये पडतात. पिशवी उन्हातल्या गाडीत मात्र विसरू नका.

आणि रात्र. थांबायची परवानगी असेल तर विचारच करू नका. हेडलॅम्प कपाळावर, म्हणजे डोळ्यांच्या रेषेत, असला की लांडगा कोळ्यांचे डोळे पंधरा-वीस फुटांवरून हिरवट चमकतात, हातातल्या टॉर्चनं ते तितकं दिसत नाही. सरळ चालत जाऊन वरून कुपी ठेवायची. दिवसा दडून बसणारे निओस्कोना जाळ्याच्या मध्यभागी येतात, खडकांच्या फटींमधून कुकुल्केनिया बाहेर डोकावतात, आणि नशीब असेल तर वाटेवर टॅरंट्युलाचा नर मादीच्या शोधात चाललेला दिसतो (तो घेऊ नका, पोटावरचे केस उडवतो आणि खाज दिवसभर जात नाही). धोकेही इथंच जास्त आहेत. दगडाखाली हात घालायचा नाही, वेस्टर्न ब्लॅक विडो ही विषारी कोळीण तिथंच असते, उबदार संध्याकाळी रॅटलस्नेक अजून बाहेर असतात, आणि बार्क स्कॉर्पियन हा विषारी विंचू अंधारात हेरायला यूव्ही टॉर्च खिशात असलेला बरा, त्यात तो हिरवट उजळतो.

तर माझी निवड अशी: रात्री थांबता येत असेल तर दुपारी चाळण, रात्री हेडलॅम्प. फक्त दिवसाचंच परमिट असेल तर चाळणीला जास्त वेळ आणि काठी-चादर तासभर, तेही ग्रुपमध्ये लहान मुलं किंवा पहिल्यांदाच येणारे असतील तर नक्की, कारण पाचोळ्यासमोर बसून राहायचा पेशन्स सगळ्यांना नसतो. आणि स्पीशीजची नावं नकोतच, नुसतं बघायचंय, तर कॅमेरा न्या आणि अल्कोहोल घरी ठेवा.

अल्कोहोलचं म्हणाल तर मायक्रोस्कोपखाली बघायला 70 ते 80 टक्के इथेनॉल, डीएनएसाठी 95 टक्के, पण तेवढ्यात पाय कडक होऊन तुटतात म्हणून सगळेच त्यात टाकत नाहीत. लेबल पेन्सिलीनं लिहून कुपीच्या आत, बाहेर चिकटवलेलं गळून पडतं. त्यावर जागा, जीपीएस, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि पद्धत, म्हणजे चाळण की हात, हे तिथल्या तिथं लिहा, मोटेलवर गेल्यावर कुठली कुपी कुठल्या दगडाची हे कुणालाच आठवत नाही.