रेडटेल, शार्क की सकर? फ्लॅटमधल्या टँकसाठी मोठा कॅटफिश घेण्याआधी

दुकानात हे तिघेही दोन-तीन इंचांचेच असतात आणि तिघांबद्दल एकच ठरलेलं वाक्य ऐकू येतं: ‘टँकच्या मापातच वाढतो, काळजी करू नका.’ त्यावर विश्वास ठेवू नका. लहान टँकमध्ये वाढ मंदावते ती पाणी खराब राहिल्यामुळे. त्यातून कणा वाकतो, आयुष्यही घटतं. म्हणून समोरचं पिल्लू विसरा आणि पूर्ण वाढलेला मासा डोळ्यांसमोर आणा.

रेडटेल सर्वांत देखणा. ॲमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यांतला हा मासा काळ्या पाठीचा, पांढऱ्या पट्ट्याचा आणि केशरी शेपटीचा. माणूस दिसला की काचेशी येतो, हातातून खायलाही शिकतो. लोक भुलतात ते इथेच. चांगलं खायला मिळालं तर वर्षभरात फूट-दीड फूट, पुढे साडेतीन-चार फूट. गळाला लागलेल्या विक्रमी रेडटेलचं वजन ५६ किलो होतं. आयुष्य पंधरा-वीस वर्षं, म्हणजे आज बालवाडीत असलेलं पोर कॉलेजात जाईपर्यंत. तोंडात मावेल ते तो गिळतो: सोबतचे मासे, गोटे, कधी थर्मामीटरसुद्धा.

आता जागेचा हिशेब. एवढ्या माशाला वळता-फिरता यायचं तर १२ फूट लांब, ८ फूट रुंद आणि ३ फूट खोल पाणी हवं. ते होतं सुमारे ८,१५० लिटर, म्हणजे आठ टनांहून जास्त. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीच्या स्लॅबवर प्रति चौरस मीटर साधारण २०० किलो भार धरतात. तीन फूट पाण्याचा भार जातो ९०० किलोंच्या वर. आठवड्याला तीस टक्के पाणी बदलायचं म्हटलं तर जवळपास २,४५० लिटर. शहरात माणशी रोजचे १३५ लिटर धरले, तर चौघांच्या कुटुंबाला साडेचार दिवस पुरेल एवढं पाणी एका माशापायी गटारात जाईल. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत हे कोण खपवून घेईल? फ्लॅटमध्ये रेडटेल नको, हे माझं स्पष्ट मत. तळमजला, अंगण आणि बोअरवेल असेल तर सिमेंटच्या हौदाचा विचार करा. मात्र हौदावर छप्पर हवं, वीज गेल्यावर हवेचा पंप चालवायला इन्व्हर्टर हवा आणि नाशिकसारख्या थंडीत पाणी तापवायची सोय हवी. हीटर फिल्टरच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा, नाहीतर मासा तो फोडतो.

शार्क म्हणून विकला जाणारा मासा खरं तर मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांतला पंगास. हॉटेलात बासा म्हणून जे फिले ताटात येतं ते बहुतेकदा याचंच, आणि आंध्रात त्याची मोठी शेती चालते. स्वस्त आहे, चिवट आहे, पण काचेच्या टँकसाठी मला तो रेडटेलपेक्षाही वाईट वाटतो. नदीतून लांबवर स्थलांतर करणारा, कळपाने राहणारा हा मासा एकटा ठेवला की बिथरतो. दिवा लावला तरी दचकून काचेवर आदळतो आणि नाक सोलवटून घेतो. वाढतो चार फुटांपर्यंत आणि ठेवायचे तर चार-पाच एकत्र. घरात ते जमणारं नाही.

राहिला सकर. शेवाळ खातो म्हणून लोक दोन फुटी टँकमध्ये टाकतात. लहानपणी खातोही. मोठा झाला की त्याचं शेवाळावरचं लक्ष उडतं आणि तो स्वतःच सगळ्यात जास्त घाण करतो. दीड फुटाचा होतो, दहा-पंधरा वर्षं जगतो. पण तिघांत फ्लॅटमध्ये नीट सांभाळता येण्यासारखा हाच. टँक ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच (सुमारे ६८० लिटर), दणकट फिल्टर, एखादा लाकडाचा ओंडका, रात्री दुधी किंवा काकडीची फोड. हा टँकही जड आहे. तुळईजवळ, भिंतीलगत ठेवायचा आणि आधी इंजिनिअरला दाखवायचा. कंटाळा आला म्हणून नदीत मात्र सोडू नका. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात आज सकर येतो. त्याला गिऱ्हाईक नाही आणि काटेरी परांनी जाळं फाटतं ते वेगळंच.

कोणी थाई मांगूर या कॅटफिशचं पिल्लू देऊ केलं तर घेऊ नका, त्याच्या पालनावर बंदी आहे.

खरं सांगायचं तर चार फुटी टँकवाल्याने या तिघांच्या नादी लागूच नये. फेदरफिन सिनोडोन्टिस घ्यावा. आठ-दहा इंचांचा, मोठ्या पंखाचा, ठिपकेदार, मिशाळ, मधूनच उलटा पोहणारा. मोठ्या कॅटफिशचा रुबाब त्याच्यात पुरेपूर आहे. शेवाळासाठी ब्रिसलनोज हा छोटा कॅटफिश, तो पाच इंचांवर जात नाही आणि काम सकरपेक्षा चोख करतो.

रेडटेल आधीच घरी आला असेल तर तो फूटभर होण्याआधी मोठा हौद असलेला पाळणारा शोधा. सहा इंचांचा मासा दुकानदार परत घेईल, दोन फुटांचा झाल्यावर बहुतेक हात वर करतात.